बाबांचा हात आणि माझी धाव

व्हॉल्ट माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी हरल्याचं सांगणार आहे आणि वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज नको. जिम्नॅस्टिक्सच्या चार प्रकारांपैकी बीमवर मी बरी होते, बार्सवर कशीबशी, आणि फ्लोअरवर नाच येत नसल्यानं परीक्षक मान खाली घालून गुण लिहीत. पण पंचवीस मीटर धावत जायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, समोरच्या टेबलावर हात टेकून हवेत जायचं, तिथे एक अख्खी कोलांटी घ्यायची आणि पलीकडे गादीवर उभं राहायचं, या कामात छत्तीसगडात माझा हात धरणारी मुलगी नव्हती. शेजारच्या राज्यांतल्या मुलींनाही विचारा. त्यांच्या नाकाला अजून मिरच्या झोंबतील.

आता माझा डावा गुडघा जिना चढताना बोलतो, मी स्मृति नगरात राहते आणि रोज दुपारी त्याच जुन्या हॉलमध्ये लहान मुलींना धावायला शिकवते. त्या मला विचारतात, मॅडम, तुम्हाला धावायला कोणी शिकवलं? मी सांगते, माझ्या बाबांनी. त्यांनी स्वतः आयुष्यात एक साधी कोलांटी मारलेली नाही.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रिगर होते. क्रेन वर असते, बोजा खाली असतो आणि मधल्या गदारोळात वरच्याला खालच्याचं काही ऐकू जात नाही. म्हणून खाली एक माणूस लागतो. तो हुकाला साखळ्या अडकवतो आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरशी हातांनी बोलतो. तर्जनी वर करून लहान लहान गोल फिरवला की हाबिस, म्हणजे उचल. हात खाली वळवून तसाच गोल फिरवला की आरिया, म्हणजे उतरव. हे शब्द मुळात जहाजावरच्या खलाशांचे, असं बाबा सांगत. भंडाऱ्याकडच्या आमच्या धानाच्या गावातून ते कुठले जहाज बघायला? पण शब्द त्यांच्या तोंडात असे बसले होते की जेवताना भात नको असला तरी तळवा आडवा धरत आणि वाढायचं असलं की बोट फिरवत. आई वैतागायची. "तोंड देलं नाई काय देवानं?" असं म्हणायची आणि वाढायची.

सगळ्यात मोठा इशारा थांबण्याचा. दोन्ही हात आडवे पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि जोरजोरात आत-बाहेर हलवायचे. तो दिसला की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे. उचलायला एकाच माणसानं सांगायचं असतं, थांबवायला मात्र कोणीही सांगू शकतं. झाडू मारणाऱ्यानं सांगितलं तरी थांबायचं, साहेब शेजारी उभा असला तरी थांबायचं. आणि ज्यानं थांबवलं त्यानं हात खाली घेतल्याशिवाय पुन्हा काही हलवायचं नाही. बाबा हे देवाधर्मासारखं पाळत. रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये आईनं एकदा पुसलेल्या फरशीवर बाबांना येताना पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून दोन्ही हात पसरले. बाबा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असे उभे. फरशी वाळेपर्यंत आई मुद्दाम हात खाली घेईना. मी हसून हसून लोळले होते.

सातव्या वर्षी मला हॉलमध्ये घातलं, कारण घरात मी पलंगावरून कपाटावर उड्या मारत असे. शिकवायला एक दीदी होती. तिला आम्ही सगळ्या जणी घाबरायचो आणि तिच्यासारखे केस बांधायचो. सगळं जमलं, व्हॉल्ट मात्र जमेना. त्या लांबलचक पट्टीच्या टोकाला उभी राहिले की समोरचं टेबल मला वाढताना दिसायचं. अर्धं अंतर धावायची आणि बाजूला पळून जायची. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी बाबा सकाळपाळी करून मला न्यायला आले. हेल्मेट सायकलच्या हँडलला तसंच. ते दारात उभे राहून थोडा वेळ पाहत होते. मग सरळ चालत टेबलाच्या बाजूला गेले, टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, खाली वाकून साखळी ओढून पाहिली, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि बोट वर करून गोल फिरवलं.

मी धावले. का धावले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बाबांनी बोट फिरवलं की लोखंडाचे ढीगच्या ढीग उचलले जातात हे मला माहीत होतं. मी तर वीस-बावीस किलोची पोरगी.

तेव्हापासून ती सवयच झाली. मी टोकाला उभी राहायची, बाबा टेबलापाशी, आणि बोट फिरलं की मी सुटायची. हवेतून खाली येताना त्यांचा हात वळलेला असायचा, आरिया, आरिया. मी धपकन आदळले की ते एवढंच म्हणत, "बोजा टाकाचा नसते, ठेवाचा असते." गुडघे कसे वाकवायचे, वजन कुठे घ्यायचं, हे दीदीनं शिकवलं. पण ठेवायचं असतं हे बाबांनी शिकवलं. माझं उतरणं पाहून पुढे भलेभले परीक्षक खुर्चीत सरसावून बसत. उगाच नम्रतेचा आव आणत नाही, ते खरंच सुंदर होतं.

दीदीला ही सवय पसंत नव्हती. स्पर्धेत प्रशिक्षकानं नुसता इशारा केला तरी गुण कापतात, असं ती बजावायची. पण गॅलरीतल्या बापाचे हात कोण बांधणार? राज्याच्या स्पर्धा रायपुरात असोत नाही तर इथे, बाबा पाळी बदलून येत आणि गॅलरीत पहिल्या रांगेत, टेबलाच्या बरोबर रेषेत बसत. मी वर पाहायची, बोट फिरायचं. चार वर्षांत राज्यात मला व्हॉल्टवर कोणी हरवलं नाही.

दीदीकडे परदेशी स्पर्धांच्या सीड्या होत्या. त्यात पोलंडची एक मुलगी होती. ती धावत यायची आणि एकदा तर बोर्डाच्या दोन पावलं आधी थांबलीच. वळली, चालत मागे गेली, पुन्हा धावली. दीदीनं समजावलं, बोर्डाला आणि टेबलाला स्पर्श झाला नाही तर पुन्हा धावता येतं, फक्त एक अख्खा गुण जातो. मी मोठ्यानं म्हणाले, "एवढी मोठी घोडी आणि घाबरते!" पुढच्या सीडीतही ती होती, त्याच्या पुढच्याही. कधी अकरावी, कधी सोळावी. आम्ही तिला हसायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पंधराव्या वर्षी मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. कनिष्ठ गटातल्या पहिल्या सहा जणींना राष्ट्रीय शिबिरात घेणार होते. तिथे घेतलं की पुढे देशाच्या जर्सीचं दार उघडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी पहिल्यांदाच रजा टाकून राज्याबाहेर प्रवास केला. आईनं शेजारी राहणाऱ्या, उतई गावच्या काकूंकडून शिकलेली ठेठरी डबाभर करून दिली होती. बेसनाच्या त्या कडक काड्या दीदीनं मला खाऊ दिल्या नाहीत आणि स्वतः संपवल्या.

तीन प्रकार झाले तेव्हा मी पाचवी होते. शेवटचा व्हॉल्ट उरला होता. माझ्या पुढच्या-मागच्या मुलींचे व्हॉल्ट मी सरावात पाहिले होते. कुणाचीच मला भीती नव्हती. दीदीनं पाठीवर थाप मारली, ती पण हसत होती. मी टोकाला उभी राहिले, गॅलरीत पाहिलं, बाबांचं बोट फिरलं, आणि मी सुटले.

अर्ध्याहून जास्त पट्टी मागे पडली होती. पाय इतके छान पडत होते की अजून आठवतं. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात बाबा उभे राहिले. दोन्ही हात आडवे, तळवे खाली, जोरजोरात.

मी थांबले. विचार केला नाही, पायच थांबले. बोर्ड माझ्यापासून हातभर अंतरावर होता. हॉलमधला आवाज एकदम बसला. दीदी ओरडली, "रुक क्यों गई?" मी वर बोट दाखवलं. बाबा गॅलरीतून वाकून टेबलाच्या पायाकडे दाखवत होते. टेबल जमिनीला बांधणाऱ्या साखळीच्या हुकाची जीभ, म्हणजे साखळी निसटू नये म्हणून असलेली पट्टी, उघडी होती. माझ्या आधीच्या मुलीच्या उडीनं ती निसटली असावी. क्रेनवर अशा हुकानं कोणी टाचणी उचलणार नाही. सामान सांभाळणारा माणूस आला, त्यानं हुकाला हात न लावता पायानं साखळी ढोसली, टेबलाला एक धक्का दिला आणि परीक्षकांकडे पाहून मान हलवली. ठीक आहे. परीक्षकबाईंनी माझा एक गुण कापल्याचं लिहिलं आणि मला मागे जायची खूण केली.

मी परत टोकाला आले. हिरवा दिवा लागला. अर्ध्या मिनिटाच्या आत धाव सुरू करावी लागते. मी वर पाहिलं.

बाबांनी हात खाली घेतले नव्हते.

आता हलवत नव्हते, नुसते पसरून उभे होते. मागच्या रांगेतले लोक त्यांना बसा बसा म्हणत होते. दीदी खालून दात आवळून मला धाव म्हणत होती. मी मनात हिशेब करत होते. एक गुण गेला तरी व्हॉल्ट नेहमीसारखा झाला तर सहावी येते. सहावी आले तरी शिबिर मिळतं. नाही धावले तर शून्य. मी बाबांवरून नजर काढली आणि धावले.

उडी झाली. टेबल हललं नाही. पण हवेतून खाली येताना मी त्या पसरलेल्या हातांना शोधत होते, गादीला नाही. एक मोठं पाऊल पुढे पडलं, मग आणखी एक. मी सातवी आले.

बाहेर पायऱ्यांवर बाबा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुयं बरोबर होतं. टेबल हललं नाई."

"हुक उघडा होता न?"

"होता. पन हललं नाई." मग, "म्या तुयं नुसकान केलं, बाई."

तिथं मी काहीही बोलू शकले असते. काही न बोलता शेजारी बसले असते तरी चाललं असतं. मी पंधरा वर्षांची होते आणि रागानं नुसती धगधगत होते. मी म्हणाले, "हो, केलं."

शिबिर गेलं त्याचं मला वर्षभर वाईट वाटलं. त्या दोन शब्दांचं अजून वाटतं. ज्या माणसाची सगळी ऐट एका गोष्टीत होती, की याची नजर हुकावरून कधी घसरत नाही, त्याला मी भरल्या हॉलसमोर खोटं पाडलं होतं, आणि वरून कबुलीही घेतली होती. त्या रात्री गाडीत मला एक विचार आला तो सांगते, कारण तो मनात ठेवून लिहिणं म्हणजे लबाडी. मला वाटलं, टेबल हललं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाबा स्पर्धेला आले नाहीत. कधी पाळी बदलत नाही म्हणाले, कधी पाठ दुखते म्हणाले. निकाल मात्र दारातच विचारत. प्लांटमध्ये तेच हात तसेच चालत होते, नवीन पोरांना त्यांच्याच हाताखाली देत. घरी मात्र ते हातांनी बोलायचे थांबले. भात नको असला की "नको" म्हणत. आईच्या हे महिनाभरातच लक्षात आलं. "काय बोलली तू त्याइले तिथं?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. ती मला रागावली नाही. नुसती भाजी चिरत राहिली, आणि ते जास्त लागलं.

मी खेळत राहिले. सात वर्षं आणखी. राज्यात पहिली, विद्यापीठांच्या स्पर्धांत पदकं, राष्ट्रीयला एकदा व्हॉल्टवर चौथी. शिबिराचं बोलावणं कधी आलं नाही. पोलंडच्या त्या मुलीची मला आता वारंवार आठवण यायची. अकराव्या नंबरावर इतकी वर्षं टिकायला काय लागतं हे मला कळायला लागलं होतं, आणि मी तिची मनातल्या मनात माफी मागून टाकली. दर व्हॉल्टच्या आधी मी स्वतः टेबलापाशी जाऊन वाकून हुकाची जीभ पाहायची. इतर राज्यांतल्या मुली हसायच्या. हसू देत. एकदा एका गावात जीभ उघडी निघाली, मी ती बोटानं बंद केली आणि कोणाला काही न सांगता मागे आले. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं." आणि पेपर वाचत राहिले. त्या दिवशी पेपर बराच वेळ एकाच पानावर होता.

दुखावलेल्या गुडघ्यानं बाविसाव्या वर्षी मला सांगितलं की आता पुरे. शेवटची स्पर्धा राज्याची, आणि ती भिलाईतच, ज्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा धावले तिथेच. मी बाबांना म्हणाले, "तुमी या."

"मले नको बोलावू. माह्ये हात उठतेतच."

"मग उठू द्या न."

"नाई."

मी हट्ट केला असता तर ते खोलीत निघून गेले असते. आईनं काम हातात घेतलं. "पोरीचं शेवटचं हाय. तुमी नाई आले त मी एकलीच बसू काय त्या एवढ्या लोकांत? मले त कोन पडलं अन् कोन जिकलं तेई समजत नाई." बाबा आले. गॅलरीत पहिली रांग रिकामी असून तिसऱ्या रांगेत, आईच्या आड बसले. बसताना दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसले. मी खालून पाहत होते. थंडीनं हात गारठल्यावर लहान मुलं बसतात, तसे.

व्हॉल्टची माझी पाळी आली. मी टेबलापाशी गेले, वाकले, हुक पाहिला. जीभ बंद होती. साखळी ओढून पाहिली. टोकाला येऊन उभी राहिले. परीक्षकांनी हिरवा दिवा लावला.

मी धावले नाही.

गुडघ्याला पट्टी होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं गुडघ्याचं काही आहे. दीदी एक पाऊल पुढे आली, मी मान हलवली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहत उभी राहिले. त्यांनी थांबवलेलं होतं. सात वर्षांपूर्वी पसरलेले ते हात त्यांनी माझ्यासाठी अजून खाली घेतले नव्हते, आणि ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं असतं. एकदा मी तो नियम मोडला होता. पुन्हा मोडणार नव्हते. शून्य मिळालं असतं तर शून्य घेऊन घरी गेले असते, आणि हे मी शौर्य म्हणून सांगत नाही, मला दुसरं काही करताच येत नव्हतं.

दहा सेकंद गेले असतील. पंधरा. घड्याळाकडे मी पाहत नव्हते. बाबा माझ्याकडे पाहत होते आणि त्यांना कळलं होतं, ते मला एवढ्या लांबूनही दिसलं, कारण त्यांची मान हळूहळू नाही नाही अशी हलायला लागली. मी पण मान हलवली. नाही. वीस.

मग आईचा आवाज आला. भर हॉलमध्ये, तिच्या घरच्या आवाजात. "अवो, ते पोरगी थांबून राहिली न! काढा तो हात बुडाखालून!"

लोक हसले. परीक्षकबाईंनी वर पाहिलं. बाबांनी उजवा हात काढला, तो बराच वेळ दाबून बसल्यानं आखडला असावा, कारण त्यांनी एकदा मूठ उघडून मिटली. मग कोपर वाकवून हात सरळ वर धरला. तर्जनी उघडली. आणि लहान, नीट, एकाच मापाचा गोल फिरवला.

मी सुटले. त्या धावेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सुरुवातीलाच सांगितलंय, व्हॉल्ट माझा होता. उतरले तेव्हा पाय जिथे टेकले तिथेच राहिले. गुडघासुद्धा गप्प होता.

वर पाहिलं तर बाबा उभे होते. केव्हा उठले ते त्यांनाही माहीत नव्हतं. आई सांगते, मी हवेत असतानाच त्यांचा हात खाली वळला होता, बोट गोल फिरत होतं आणि ते तोंडानंही बोलत होते, मोठ्यानं, आरिया, आरिया, हळू. आजूबाजूचे सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि तिला फार लाज वाटली. मी गादीवर उभी राहिल्यावरही त्यांचा हात थोडा वेळ फिरतच होता. मग त्यांनी तळवा आडवा धरला. पुरे. त्या दिवशी घरी जेवतानाही त्यांनी भाताला तसाच तळवा आडवा धरला आणि आई या वेळी वैतागली नाही.